आधीच्या माणसाचं उरलेलं

कपाटाची कडी वाजली. कोणी बोटानं धरून हळूच सोडावी एवढीच वाजली. पण दुपारी आमच्या घरात पंख्याशिवाय काही हलत नाही, त्यामुळे ती समोरच्या खोलीपर्यंत आली. माझी लेक सुमी माझ्या मांडीवर पाय टाकून झोपली होती. तिचा पाय उशीवर ठेवला, लॅपटॉप मिटला आणि आत गेले.

सपना कपाटापुढे उकिडवी बसली होती. साड्यांखाली ठेवलेली प्लास्टिकची फाईल तिनं काढली होती आणि आतला एकुलता एक कागद दोन्ही हातांनी धरला होता. सपना माझी नणंद. गावात आरोग्य शिबिर झालं तेव्हा रक्त तपासलं, त्याचा तो रिपोर्ट. ती सिकलसेल या रक्ताच्या आजाराची वाहक आहे, स्वतः आजारी नाही, एवढंच त्यात होतं.

"जागेवर आहे ना?"

"हाय. मंग त्यायले समजलं कसं, वहिनी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या संशयात मीही होते, हे मला कळलं. घरात रिपोर्ट ठाऊक असलेली माणसं म्हणजे ती, मी, तिचा भाऊ म्हणजे माझा नवरा संघदीप आणि आई. संघदीप वाशिमला नोकरीवर जातो, तो घरातही फारसा बोलत नाही, बाहेर काय बोलणार? आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बेबीताई, लेकीची अशी गोष्ट मरेपर्यंत पोटात ठेवतील. मग मी उरते, सून.

सकाळी केनवडहून फोन आला होता. सपनाचं तिथे जमत आलेलं. मुलगा चांगला, समजूतदार. दोघंही वाहक निघाले तर पुढे लेकरांना त्रास होऊ शकतो, म्हणून त्यालाही तपासायला सांगायचं, आणि ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, असं सपनानं ठरवलं होतं. रविवारी तो यायचा होता. त्याआधीच त्याच्या बहिणीनं, राखीनं आमच्या आईंना फोन केला. राखी इंझोरीला दिलेली आहे. माहेरी आली होती.

"लपवून ठेवलं तुमी," ती म्हणाली. आईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "आन् नाई म्हणू नका. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं."

डोळ्यानं. तो शब्द दिवसभर घरात फिरत राहिला. ऐकलं म्हणाली असती तर शंभर तोंडं आहेत. डोळ्यानं पाहायचं तर कोणीतरी दाखवावं लागतं. आणि तो कागद घराबाहेर फक्त एकदा गेला होता, जिल्ह्याच्या दवाखान्यात सल्ल्यासाठी नाव नोंदवायचं म्हणून स्कॅन करायला. तहसीनच्या सेंटरवर.

"मी म्हणतच होती," आई म्हणाल्या. त्या असं काही म्हणत नव्हत्या. उलट सगळ्या बायांना त्याच तिथे पाठवायच्या.

आमच्या शेलूबाजारात अर्ज भरायची, स्कॅन करायची तशी दोन सेंटरं. एक विनोदचं, जीप स्टँडला लागून. तिथे काउंटरवर चार पुरुष कोपरं टेकून उभे असतात आणि तुमचं काम वाचतात. दुसरं तहसीनचं. तिचे वडील हबीबचाचा शिवणकाम करतात. त्यांनी दुकानाचा पुढचा भाग तिला दिला, तो एका अटीवर. बाया येतील तोवर चालव. ज्या दिवशी बाया यायच्या बंद होतील किंवा कोणी नाव ठेवील, त्या दिवशी शटर खाली. तिचं सेंटर बायांच्या भरवशावरच उभं होतं. नवऱ्याला न सांगता काढलेलं बँकेचं खातं, दवाखान्याचे कागद, लेकीचा लांबच्या कॉलेजचा अर्ज, असलं सगळं तिथे यायचं. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कोणाचं काही बाहेर गेलेलं मी ऐकलं नव्हतं.

ऐकलं नव्हतं म्हणजे गेलं नव्हतं असं नाही, हे आता मनात येऊ लागलं.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिली मैत्रीण तीच. आणि तिच्या टेबलावरचं स्कॅनचं यंत्रही माझ्याच ओळखीनं आलं होतं. अकोल्याच्या ज्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम मी सुमी झोपते त्या वेळात करते, ती ही यंत्रं बनवते. स्वस्त, टिफिनच्या डब्याएवढं. आम्ही त्याला डबाच म्हणतो. डब्याला एक छोटा पडदा असतो, तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून. आपला कोणता कागद घेतला जातोय हे माणसाला दिसावं म्हणून. दुकानदाराचा कॉम्प्युटर वेगळा.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. काही विचारायला आले नाही असं दाखवत, एक पिशवी शिवायला घेऊन.

"बस व," ती म्हणाली. "चा सांगू?"

"नको. गर्दी कमी दिसते आज."

"सगळ्या सोयाबीनले गेल्या असतीन."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती नेहमीसारखीच होती, आणि तेच मला खटकलं. "सपना आली होती ना तुझ्याकडे? तिच्यानंतर कोण होतं गं?"

ती जराही थांबली नाही. "इंझोरीवाली एक होती. केनवडले माहेरी जाऊन राह्यली म्हणे, जीप बदलाले उतरली होती. सपना उठली न् तीच बसली. बँकेचं कार्ड आणलं होतं." मग माझ्याकडे पाहून, "काहून?"

"सहज."

खोटं बोलणारी 'आठवत नाही' म्हणाली असती. पण हुशार खोटं बोलणारी खरंच सांगते आणि मधलं तेवढं गाळते. मी मनात असा हिशेब करत होते आणि ती मला पाहत होती.

"नीलिमा, तू मले विचारून राह्यली का तपासून राह्यली?"

मागे शिवणयंत्र चालू होतं, ते थांबलं. हबीबचाचांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. मी केनवडच्या फोनचं सांगितलं. सांगताना आवाज खाली ठेवला, तरी 'डोळ्यानं' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच असणार.

"मैं ने किसी को नहीं दिखाया," तहसीन म्हणाली. घाबरली की ती हिंदीवर जाते. "खुदा कसम. तिचा कागद तिच्या हातात दिला, फाईल मेल केली, आपल्याकडची काढून टाकली. तूच शिकवलं होतं, काम झालं की काढून टाकायची."

"हो."

"मंग तू असं काहून पाहून राह्यली?"

मी पिशवी विसरून घरी आले.

पुढचे दिवस वाईट गेले. आईंनी विहारात वंदना झाल्यावर बायांना सांगितलं की तहसीनकडे जायचं नाही. कारण सांगितलं नाही, आणि त्यानं जास्तच झालं. प्रत्येकीनं आपापलं कारण लावलं. एकीला आठवलं, तिच्या खात्याचं नवऱ्याला कळलं होतं. दुसरीला आठवलं, तहसीनचा भाऊ खालिद दुकानात येऊन बसतो. खालिद बिचारा वर्षातून एकदा पुण्याहून येतो. सपना जेवत नव्हती. रविवारी मुलगा आला नाही. केनवडचं तुटलं नव्हतं, पण जोडलेलंही नव्हतं.

"लग्न गेलं तर गेलं," एका दुपारी ती म्हणाली. "मले माह्या तोंडानं सांगायचं होतं. ते गेलं न माह्यं."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिनं तो फिरवू दिला. म्हणजे माझ्यावरचा संशय तरी गेला असावा. की दमली होती?

सुमीच्या शाळेसाठी माझं ओळखपत्र स्कॅन करून पाठवायचं होतं. विनोदकडे जाता आलं असतं. मी तहसीनकडे गेले, आणि का गेले ते खरं सांगायचं तर मलाही पक्कं ठाऊक नाही. तिला बरं वाटावं म्हणून, किंवा आणखी एकदा तिच्या हातांकडे नीट पाहावं म्हणून.

माझ्या आधी गोविंदसिंग जीपवाले होते. जीप संघटनेच्या फलकासाठी त्यांना स्वतःचा मोठा फोटो पाठवायचा होता. "मिशी नीट आली पाहिजे, पोरी," असं दोनदा बजावून ते गेले. सुमी लगेच त्यांच्या खुर्चीत चढून बसली. मी उभीच. तहसीन माझ्याशी बोलली नाही, हात पुढे केला, कार्ड घेतलं, काचेवर ठेवलं आणि कॉम्प्युटरवर 'छोटा' असं बटण दाबलं.

"मम्मी," सुमी म्हणाली, "तुह्या कार्डाच्या खाली मिशी हाय."

"हं, हो."

"गोविंदसिंग काकाची मिशी. पाह्य ना."

मी वाकून पाहिलं. डब्याच्या छोट्या पडद्यावर वरच्या बाजूला माझं कार्ड होतं, माझं नाव, माझा जुना फोटो. आणि त्याच्या खाली, उरलेल्या जागेत, गोविंदसिंगांची भरघोस मिशी, हनुवटी आणि शर्टाचं वरचं बटण. माझ्या कार्डाला कोणी दुसऱ्याचं तोंड चिकटवावं तसं.

"तहसीन, तुझ्या कॉम्प्युटरवर काय दिसतं?"

"तुहं कार्ड. अजून काय दिसन?"

"इकडे ये. ह्या बाजूनं."

"काहून?"

"ये तर."

ती काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आली. सुमीला उचलून ती खुर्चीत बसली आणि पडद्याकडे पाहत राहिली. एवढ्या दिवसांत ती त्या खुर्चीत एकदाही बसलेली नव्हती. दुकानदार गिऱ्हाइकाच्या खुर्चीत कशाला बसेल? तिच्या कॉम्प्युटरवर फक्त कार्डाएवढा कापलेला तुकडा यायचा. पडद्यावर मात्र अख्खं पान. आम्ही कंपनीत तपासायचो ते कायम पूर्ण पानं ठेवून. पूर्ण पान ठेवलं की जुनं झाकलं जातं. पण इथे बाया येतात त्या छोटी कार्डं घेऊन, आणि 'छोटा' बटण दाबलं की काम लवकर होतं हे तहसीननं स्वतःच शोधून काढलं होतं.

सपनाचा रिपोर्ट पूर्ण पानाचा होता. त्यात निकालाची ओळ अगदी खाली, ठळक. नंतर राखी बसली, फोटोतून ओळखीच्या सपनाला उठताना पाहून, बँकेचं कार्ड घेऊन. तिच्या कार्डाखाली काय दिसलं असेल ते आम्हा दोघींना एकाच वेळी कळलं.

मला वाटलं, ती सुटल्यासारखी हसेल. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे रोज होऊन राह्यलं? सगळ्यायचं?"

"बहुतेक."

"न् कोणी बोललं नाई मले? एकीनंबी?"

तो प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. एवढ्या बाया त्या खुर्चीत बसल्या. काहींचं लक्ष गेलं नसेल. काहींना वाटलं असेल यंत्रच तसं आहे. आणि काहींनी पाहिलं असेल, वाचलं असेल, आणि गप्प घरी गेल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सुमीला थोपटत एका हातानं मी डब्याच्या आतलं पाहिलं. कारण सोपं होतं. यंत्राला चित्र ठेवायला मेमरीची जागा लागते. काम झालं की ती जागा परत दिली जाते, आणि यंत्र फक्त 'ही रिकामी' अशी खूण करतं. आत जे होतं ते तसंच पडून राहतं. रिकामी म्हणजे पुसलेली नव्हे. पुढच्याला जागा देताना नुकतीच सुटलेली आधी दिली जाते, कारण ती हाताशी असते. म्हणून अगदी आधीच्याच माणसाचं दिसायचं. मोठ्या कॉम्प्युटरांत जागा दुसऱ्या कामाला देण्याआधी पुसून देतात. आमच्या डब्यात तो पुसण्याचा भाग होता, पण बंद केलेला होता. कोणी बंद केला तेही तिथेच लिहिलं होतं. मी कंपनीत येण्याच्या आधीची गोष्ट.

मी नरेंद्र सरांना फोन केला. कंपनी त्यांचीच.

"मीच केलं बंद," ते म्हणाले. लपवलं नाही, याचं मला आश्चर्य वाटलं आणि मग त्याचाही संशय आला. "एवढ्याशा चिपला प्रत्येक वेळी सगळी जागा पुसायला लावली तर तिचा अर्धा जीव पुसण्यातच जातो. ज्या जागेला पुन्हा कोणी हात लावणार नाही तीसुद्धा पुसत बसायची. मोठी चिप घातली असती तर डबा महाग झाला असता, आणि तुमच्या शेलूबाजारात पोचलाच नसता."

"सर, एका मुलीचा रिपोर्ट दिसला."

"वाईट झालं. पण तू काउंटरवर बसणाऱ्याला विचार, त्याला काय पाहिजे. रांग उभी असली की सुरक्षितता कोणी मागत नाही, नीलिमा. बघतो मी. तोवर बाहेर बोलू नकोस."

बघतो म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी बाहेर बोलले.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर बाया विहाराच्या ओट्यावर बसल्या होत्या, तिथे मी सांगायला सुरुवात केली. मेमरी वगैरे शब्द दोन मिनिटांत हवेत विरले. मग मला विहाराची पातेली आठवली. लग्नाकार्याला सगळे तीच नेतात, आणि आईंचा नियम कडक आहे: परत आणायची ती घासूनच.

"आई, न घासता ठेवलं तर काय होईल?"

"कायले न घासता ठेवन? मी ठेवू देईन काय?"

"समजा, घाईत राहिलं. कोठीत पालथं घातलं. बाहेरून रिकामंच दिसेल ना?"

"भिवाजीची बायको तसंच करते," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. भिवाजीची बायको तिथेच बसली होती.

"मी कधी व केलं? तुह्याच लग्नाची दाय चिकटून होती, आठ दिवस घासली म्या!"

"तेच," मी म्हणाले. "पुढचा नेतो, आणि त्यात आधीच्याची डाळ निघते. त्या यंत्रात सपनाचं असंच निघालं. तहसीननं दाखवलं नाही. तिच्या बाजूनं ते दिसतच नाही."

कोणी विश्वास ठेवला नाही. मैत्रीण म्हणून बोलते, कंपनीची म्हणून बोलते, अशी कुजबुज झाली. म्हणून मी त्यांना घेऊन गेले. आई आल्या, भिवाजीची बायको आली, आणखी काही आल्या. दुकानात जागा नव्हती, अर्ध्या रस्त्यावर. तहसीन भिंतीला टेकून उभी. मी माझंच एक पान ठेवलं, मग आईंचं कार्ड. त्यांना खुर्चीत बसवलं.

आई बराच वेळ पडद्याकडे पाहत होत्या. कार्डाखाली माझी सही होती.

"म्हणजे पोरीनं नाई दाखवलं," त्या शेवटी म्हणाल्या. तहसीनकडे पाहून नाही, पडद्याकडे पाहूनच.

तेवढ्यात मागून भिवाजीच्या बायकोनं विचारलं, "मंग माह्यं कोणाले दिसलं?"

प्रत्येकीच्या डोळ्यांत एक कागद दिसू लागला. आणि मग त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या, तुझ्या आधी कोण होतं, तुझ्यानंतर कोण बसलं. एक जण गेली, मग दुसरी. शेवटी आईसुद्धा, पदर नीट करत. हबीबचाचांनी कात्री खाली ठेवली.

"बेटा, बाजाराच्या दिवसापर्यंत पाहतो," ते तहसीनला म्हणाले. "नंतर इथे कापड लावतो."

बाजार शुक्रवारी. मी त्या रविवारीच डब्यातलं पुसणं पूर्ण चालू करून दिलं. सगळी जागा, परत आली की लगेच साफ. आता कोणाचं कोणाला दिसणार नाही, असं मी दारावर कागदही लावला. आणि शुक्रवारी खरंच काही बाया आल्या, बाजाराच्या पिशव्या घेऊन, जीप पकडायच्या घाईत. डबा एका कार्डाला एवढा वेळ घेऊ लागला की पडदा काळा होऊन तसाच राहायचा. काळ्या पडद्याकडे पाहून बायांना अजूनच वाटायचं की आत काही चाललंय. रांगेतली शेवटची उठून विनोदकडे गेली, मग तिच्या पुढची. विनोदकडेही आमच्याच कंपनीचा डबा आहे. न पुसणारा.

"बंद कर ते," तहसीन मला म्हणाली.

"तहसीन, तुला कळतं ना तू काय..."

"मले सब कळते. तठी त्यायचं सगळ्यायले दिसून राह्यलं, तरी गेल्या ना? काहून गेल्या? तो डबा पटकन करते. मी साफ ठेवू न् उपाशी मरू काय?"

"तुझंच नाव गेलं होतं ह्याच्यानं."

"नाव गेलं ते तुमच्या घरून गेलं. डब्यानं नाई नेलं."

तिनं लगेच माझ्या दंडाला हात लावला, पण बोललेलं बोललं गेलं होतं.

त्या दुपारी सुमी झोपेना. तिला पाठीशी बसवून, तिच्या हातात माझ्या केसांची पिन देऊन मी काम केलं. सगळी जागा पुसायचं काढून टाकलं. फक्त चित्रांची जागा वेगळी काढली, आणि ती परत आल्या आल्या पुसायची. गिऱ्हाईक उठून आपले कागद पिशवीत घालतं तेवढ्या वेळात. पुढचा बसेपर्यंत जागा कोरी. डबा पूर्वीइतका जलद झाला नाही, पण जवळ आला.

"आता पक्कं?" तहसीननं विचारलं.

"चित्राचं पक्कं. मी बसून पाहिलं."

"न् बाकीचं? नावं, नंबर?"

"ते कुठल्या जागेत राहतं, किती वेळ राहतं, मी अजून सगळं पाहिलेलं नाही."

ती मान हलवत हसली. खूप दिवसांनी. "हो म्हटलं असतं तर काय गेलं असतं तुह्यं?"

नरेंद्र सरांना मी केलेलं पाठवलं. चांगलं आहे, सगळ्या डब्यांत टाकू, असं ते म्हणाले. कधी, ते म्हणाले नाहीत. विनोदच्या दुकानावरून जाताना मी अजून त्या पडद्याकडे पाहते.

हबीबचाचांनी कापड अजून लावलं नव्हतं, पण गठ्ठे पुढच्या भागात आणून ठेवले होते. तहसीन त्यांच्यामध्ये बसायची. सपनानं मुलाला स्वतः फोन केला, गच्चीवर जाऊन; काय बोलली ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तो तपासून घेणार आहे एवढं कळलं.

आणि काल आई म्हणाल्या, "पीकविम्याचं करायचं हाय. चाल."

"कुठे?" मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं.

"हबीबच्या पोरीकडं. अजून कोठी?"

मी, आई, सुमी. रस्त्यानं आई मुद्दाम सावकाश चालल्या, ओटे ओलांडताना प्रत्येक ओट्यावरच्या बाईला हाक मारत. "कोठी निघाल्या, बेबीताई?" "तहसीनकडं." मोठ्यानं. मी त्यांच्या मागे चालत होते. त्या बोलल्या की बाया येतील. चार आल्या की चाचा गठ्ठे मागे नेतील.

तहसीन उभी राहिली. तिनं खुर्ची ओढणीनं पुसली. हबीबचाचांचं यंत्र थांबलं. बाहेर भिवाजीची बायको आमच्या मागोमाग येऊन पायरीशी उभी होती, हातात पासबुक.

"बसा, आई."

आई बसल्या. पिशवीतून सातबारा काढला, मग पासबुक, मग कार्ड. एकेक तहसीनच्या हातात दिलं, तिच्या तोंडाकडे पाहून, नीट. तहसीननं कार्ड काचेवर ठेवलं. पडदा उजळला, कोरा, स्वच्छ, आणि त्यावर वरच्या बाजूला आईंचं कार्ड हळूहळू उतरू लागलं. खाली काहीच नव्हतं. पांढरं.

आईंनी पदर सोडला, पुढे वाकल्या आणि दोन्ही हातांनी तो पडद्यावर धरला. चारी बाजूंनी, फट न ठेवता.

तहसीन बटणावर बोट ठेवून थांबली. पायरीवरची बाई पाहत होती.

सुमीनं माझा हात ओढला.

"मम्मी, आजी कोणापासून लपवून राह्यली?"